अडतीस यकृतं आणि उपम्याचा नाश्ता

मी काय काम करते हे सांगितलं की समोरचा माणूस नकळत स्वतःच्या पोटावर हात ठेवतो. बहुतेक जण डाव्या बाजूला ठेवतात. यकृत उजवीकडे असतं, पण हे सांगून मी कोणाचा मूड घालवत नाही. भाईंदर पश्चिमेच्या एका तपासणी केंद्रात गेली अकरा वर्षं मी लोकांच्या यकृताचा ताठरपणा मोजतेय. त्याआधी एक्स-रे काढायचे. एक्स-रेचं बरं होतं, घरी न्यायला फोटो तरी मिळायचा. आता नुसता एक आकडा मिळतो, आणि त्या आकड्यापायी माणसं काय काय करतात ते मी बघत बसते.

काम तसं साधं आहे. पेशंटने उताणं झोपायचं, उजवा हात डोक्यामागे घ्यायचा. मी दोन फासळ्यांच्या मधे जेल लावते, मशीनचा दांडा तिथे टेकवते आणि बटण दाबते. दांड्याच्या टोकातून एक टिचकी बसते. तिची लाट यकृतातून किती वेगाने गेली ते मशीन मोजतं. यकृत मऊ असेल तर लाट रमतगमत जाते, आतून व्रण पडून ते कडक झालं असेल तर धावत सुटते. अशा दहा टिचक्या नीट बसल्या की त्यांतला मधला आकडा धरायचा. सहा-सातपर्यंत ठीक, बाराच्या पुढे काळजीचं. पूर्वी एवढंच कळण्यासाठी पोटात लांब सुई घालून यकृताचा तुकडा काढायला लागायचा.

हा आकडा खरा कामाचा असतो तो हिपॅटायटिस बी आणि सीच्या पेशंटना. ही रक्तातून येणारी कावीळ वर्षानुवर्षं अंगात मुक्काम ठोकून राहते. डोळे पिवळे होत नाहीत, पोट दुखत नाही, माणूस कामावर जातो, लग्नात नाचतो आणि आत यकृतावर व्रण चढत राहतात. गोळ्या सुरू करायच्या का, कधी करायच्या, हे हा आकडा आणि रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतात. मी फक्त मोजते, ठरवत नाही. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा पेशंटना ऐकवते. एकदा मी स्वतःच ते विसरले, आणि त्याची किंमत दुसऱ्या बाईने मोजली. हा लेख त्याबद्दल आहे. माणसांची नावं अर्थातच बदलली आहेत.

तपासणीला अट एकच. आधीचे तीन तास पोटात काही गेलेलं नसावं. खाल्ल्यावर यकृताकडे रक्ताचा ओघ वाढतो, ते तात्पुरतं तट्ट होतं आणि आकडा खोटाच चढतो. अट सोपी आहे असं ज्याला वाटतं त्याने आमच्या केंद्रात एक सकाळ बसून बघावं. आमच्याकडे चहा हे खाणं नसतं. चहाबरोबरचा खाकरा तर चहाचाच भाग असतो. केळं हे फळ असल्यामुळे सुटतं. एका बाईंनी मला छातीठोकपणे सांगितलं की त्यांचा कडक उपवास आहे, आणि मग त्यांच्या दातात मला साबुदाणा दिसला. एक गृहस्थ उपाशी आले होते, पण त्यांना भूक सहन होईना म्हणून खाली जाऊन वडापाव खाऊन परत रांगेत बसले. विचारलं तर म्हणाले, "घरून निघालो तेव्हा उपाशीच होतो ना."

आकडा आल्यावरची तऱ्हा आणखी वेगळी. एकाने साडेनऊचे साडेसात करून मागितले, बायकोला दाखवायचे होते म्हणून. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने आपला साडेपाच हा आकडा बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला, आणि पुढचा महिनाभर त्या बिल्डिंगमधून माणसं येत राहिली. कोणालाही कसलाही आजार नव्हता. सगळ्यांना साडेपाचच्या खाली यायचं होतं.

याच हवेत शिबिराची कल्पना निघाली. भाईंदर पूर्वेच्या गोडदेवमधल्या एका ज्येष्ठ मित्रमंडळाचे अध्यक्ष शिगवण काका हे मूळचे रत्नागिरीचे, कुठल्याशा सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कार्यक्रम आखणं हा त्यांचा श्वास. डोळ्यांचं शिबिर झालं होतं, गुडघ्यांचं झालं होतं, आता त्यांना यकृत हवं होतं. आमच्या डॉक्टरांनी होकार दिला, कारण त्यांना वेगळीच आशा होती. गोडदेवच्या दाट वस्तीत आणि तिकडे समुद्रकाठच्या उत्तन, चौक या कोळी गावांत हिपॅटायटिसची कितीतरी माणसं तपासणीवाचून राहतात. शिबिराच्या निमित्ताने त्यांतली काही तरी सापडतील असं त्यांना वाटत होतं.

पत्रिकेचा मजकूर काकांनी मला दाखवला. प्रमुख पाहुण्यांची नावं होती, स्वागतोत्सुक मंडळी होती, मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलेलं "उपाशीपोटी यावे" तेवढं नव्हतं. विचारलं तर काका दुखावलेच. "मॅडम, आमंत्रणपत्रिकेवर 'उपाशी या' असं छापायचं? लोक काय म्हणतील? गोडदेवात बोलावलं आणि उपाशी ठेवलं?" मी तीन तासांची अट पुन्हा समजावली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि उपम्याबरोबर शिराही ठेवला.

रविवारी सकाळी टेम्पोतून मशीन घेऊन मी पोहोचले तेव्हा हॉलभर तुपाचा वास सुटला होता. आधी दीपप्रज्वलन, मग नाश्ता, मग भाषणं, मग तपासणी असा क्रम फलकावरच लिहिला होता. स्वयंसेवक पट्टे लावून फिरत होते आणि प्लेट न घेता कोणी पुढे सरकला तर त्याला परत वळवत होते. मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की अशाने सगळे आकडे चुकतील, आज तपासणी रद्द करू या. ते म्हणाले, "टेन्शन नका घेऊ हो. थोडासाच उपमा आहे. डॉक्टरसाहेबांचं भाषण होऊ दे, तोवर जिरेल." डॉक्टर भाषण करून दुसऱ्या हॉस्पिटलला निघून गेले. मी तिथेच मशीन बंद करायला हवं होतं. पण समोर खुर्च्यांवर माणसं बसली होती, फोटोवाला उभा होता, आणि मला वाईटपणा घ्यायचा नव्हता. मी मशीन सुरू केलं.

निदान नोंद तरी पुरती ठेवावी म्हणून वहीत नाव, फोन, आकडा आणि बी-सी आहे का यांच्या जोडीला आणखी एक रकाना आखला: शेवटचं कधी खाल्लं. "आत्ता, उपमा." "आत्ता, उपमा, शिरा." "आत्ता, शिरा दोनदा." पानंच्या पानं तशीच भरली. आकडे नऊ, दहा, अकरा असे येत होते. एक बारासुद्धा आला. प्रत्येकाचा चेहरा पडत होता, आणि पडलेल्या चेहऱ्यांना स्वयंसेवक दिलाशाला आणखी चहा देत होते.

मेरीबाय सगळ्यात शेवटी आली. चौक गावची मासे विकणारी, पन्नाशीची, काटक. गोडदेवच्या बाजारात बसते. बाळंतपणाच्या वेळी तिला हिपॅटायटिस बी असल्याचं कळलं होतं, ते कार्ड तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. तिची आई पोटात पाणी होऊन गेली होती, म्हणून ती आली होती. ज्यांच्यासाठी डॉक्टरांनी हे शिबिर मान्य केलं होतं, त्यांतली ती एक होती. पण हॉलच्या दारावर मांसाहारी वस्तू आत आणण्यास मनाईचा बोर्ड होता आणि वॉचमनने तिला टोपलीसकट अडवलं होतं. "मछली अंदर नहीं जायेगी" एवढंच तो म्हणत होता. टोपली सोडून ती आत येईना, मांजरं टपली होती. दोन तास ती गेटबाहेर टोपलीजवळ बसून राहिली. ओळखीची भाजीवाली राखणीला आली तेव्हा ती आत शिरली. नाश्त्याची भांडी तोवर घासायला गेली होती.

शेवटचं कधी खाल्लं हे मी तिलाही विचारलं. "काल राती," ती म्हणाली. मी लिहिलं. आकडा चौदा आला.

त्या दुपारपासून काकांचा फोन बंद होईना. अख्ख्या मित्रमंडळाचं यकृत एका सकाळीत बिघडलं होतं. दोघांनी मृत्युपत्राची चौकशी सुरू केली, एकाने घरातलं तेल फेकून दिलं, एका काकूंनी नवऱ्याच्या तीस वर्षांपूर्वीच्या बिअरचा विषय नव्याने काढला. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, सगळ्यांना फोन करा, घाबरू नका म्हणून सांगा. आणि ज्यांना बी किंवा सी आहे त्यांना याच आठवड्यात उपाशीपोटी परत बोलवा. अशी नऊ माणसं होती.

सोमवारी मी वही घेऊन बसले. अडतीस फोन. खरं सांगते, माझ्या नोकरीतला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता. अकरा वर्षं मी चेहरा कोरा ठेवून डॉक्टरांकडे बोट दाखवत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा आनंदाची बातमी माझ्या तोंडून जात होती. "काही नाही झालेलं हो, तो उपमा होता!" पलीकडे माणसं हसत होती, आशीर्वाद देत होती. आनंदाच्या भरात परत या हे वाक्य मी शेवटी घाईत म्हणायचे, आणि तोवर बरेच जण घरच्यांना बातमी द्यायला धावलेले असायचे. विसाव्या फोनपर्यंत मी इतकी सराईत झाले होते की वहीतले फक्त फोन नंबर वाचत होते.

मेरीबायचा फोन शेवटचा होता. मी ठरलेलं वाक्य म्हटलं. ती म्हणाली, "पन मी काय खाल्ला न्हवता."

मी म्हटलं, "काहीतरी घेतलंच असेल. चहा?"

"चाय घेतली व्हती. बाहेर."

"मग त्यानेच. चहानेसुद्धा चढतो. काळजी करू नका."

तिने मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला. अर्धा कप चहाने आकडा चौदापर्यंत जात नाही हे मला माहीत होतं. त्या क्षणी मला ते आठवावंसं वाटलं नाही, एवढंच. अडतीसपैकी अडतीस ही बातमी फार सुंदर दिसत होती. परत या हे मी तिला म्हटलं की नाही, हे मला आजही आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात मेरीबाय केंद्रावर आली ती तपासणीला नव्हे. सुक्या बोंबलांची जुडी माझ्या टेबलावर ठेवून, हात जोडून निघून गेली. मी ते आठवडाभर चवीने खाल्ले.

पाच महिने गेले. बी आणि सीच्या नऊ माणसांतली चार परत आली, पाच आली नाहीत, आणि मीही पाठपुरावा केला नाही. मग मंडळाची स्मरणिका निघायची ठरली आणि काकांनी माझ्याकडे शिबिराचा अहवाल मागितला. किती जणांना लाभ झाला, किती जण ठणठणीत निघाले. मी वही काढून रकाने मोजायला लागले. उपमा, उपमा, शिरा, उपमा. आणि शेवटच्या ओळीत माझ्याच अक्षरात: काल रात्री. त्यापुढे चौदा. त्यापुढे बी.

अहवाल तसाच टाकून दुसऱ्या दिवशी मी रजा काढली आणि चौकची बस पकडली. मेरीबाय घरासमोर बांबूच्या दांडीवर मासळी वाळत घालत होती. मला बघून तिला आनंद झाला, तिने सुनेला चहा टाकायला सांगितला. तिचे हात बारीक झाले होते आणि पोट साडीतून पुढे आलं होतं. पाच महिन्यांत अंगावर थोडं मांस चढलंय असं ती सुनेला म्हणायची. मी तिथेच उभ्याने सगळं सांगितलं. चुकले म्हणून सांगितलं. ती ऐकत राहिली, हातातला मासा तिने दांडीवर नीट लावला, आणि मग म्हणाली, "मी तर देवलात जाऊन मेणबत्ती लावून आली. तुमी सांगला म्हनून."

दोन दिवसांनी ती उपाशीपोटी आली. मी टिचक्या मारत राहिले, पण एकही नीट बसली नाही. मधे पाणी असलं की लाट यकृतापर्यंत पोहोचतच नाही. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. डॉक्टरांनी रोजची एक गोळी सुरू केली, पाण्याची वेगळी दिली, आणि मीठ कमी करायला सांगितलं. सुकी मासळी बंद. चौकच्या बाईला सुकी मासळी बंद. गोळीने विषाणू दबेल, यकृत थोडंफार सैलही होईल, असं ते तिला समजावत होते. मला ते रागावले नाहीत. तिच्यासमोरच शांतपणे म्हणाले, "तुम्ही ह्यांना फक्त माझ्याकडे पाठवायचं होतं." यापेक्षा ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मेरीबाय आजही गोळ्या घेते आणि दर सहा महिन्यांनी येते. पाणी ओसरलं आहे. टोपली मात्र आता तिची सून डोक्यावर घेते, कारण मेरीबायला तेवढं चालवत नाही.

पण त्या दिवशी, डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर, ती बाकावर माझ्याशेजारी बसली. तिने विचारलं, "पाच म्हयन्यापूर्वी ह्या पानी व्हता काय?"

"नव्हतं," मी म्हटलं. तेव्हा मी स्वतः तिचं पोट उघडं बघितलं होतं, सपाट होतं. खोटं बोलायची सोय नव्हती आणि इच्छाही उरली नव्हती. मला रडू आलं. तिने माझी समजूत वगैरे काढली नाही, आणि का काढावी?

थोड्या वेळाने तिने पिशवीत गोळ्या नीट ठेवल्या आणि उठता उठता विचारलं, "आन् त्या बाकीच्या लोकांचा काय? त्यांना परत बोलवला का तुमी?"

मी वही घेऊन टेबलाशी बसले. या वेळी नुसते नंबर वाचले नाहीत. न आलेल्या पाचांतल्या उरलेल्या चौघांना आधी फोन लावले, दोघांचे लागले नाहीत, त्यांचे पत्ते शोधायला घेतले. मग बाकीच्यांकडे वळले. उपम्याने आकडा चढतो हे खरं, पण उपम्याखाली मुळात किती होता हे आम्ही कोणाचंच बघितलं नव्हतं. यादीत शिगवण काका वरच होते.

मी त्यांना सांगितलं की त्या दिवशीच्या सगळ्यांना मी घाईने बरं ठरवलं, एका बाईच्या बाबतीत ते भयंकर चुकलं, म्हणून सगळ्यांना पुन्हा तपासायचं आहे, उपाशीपोटी.

"अहो मॅडम," काका म्हणाले, "तुमचा अहवाल वेळेत आला नाही म्हणून आम्हीच मजकूर टाकला. स्मरणिका छापून झालीय. सर्व लाभार्थींची यकृते उत्तम असल्याचे आढळले, असं चांगलं रंगीत पानावर आहे. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते परवा प्रकाशन."

मी म्हटलं, "असू दे. तुम्ही उद्या सकाळी काही न खाता या."

 पलीकडून काकूंचा कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचा आवाज येत होता. मग काकांनी बहुधा दार लोटून घेतलं, कारण तो आवाज थांबला, आणि त्यांनी अगदी हळू विचारलं, "मॅडम, त्या दिवशी तो बारा कोणाचा आला होता? माझाच ना?"